सुआझारानं पाहिलेली तोंडं

आमच्या आंबुदिमांगा गावात सुआझाराचा आवाज आधी येतो आणि सुआझारा नंतर. त्या मंगळवारी सकाळी मी टपरीवर कॉफी गाळत होतो, तेव्हा आवाज शाळेच्या कोपऱ्यापर्यंत पोचला होता. मी साखरेचा डबा उचलून आत ठेवला. रागात असली की बाई हाताला लागेल ते घेऊन बोलते. मागच्या खेपेला माझी गाळणी तिच्या हाती लागली होती, तिची दांडी अजून वाकडी आहे.

ती आली ती कागद फडकवत. कागदाच्या चारही कोपऱ्यांना खळ चिकटलेली होती, म्हणजे वनसमितीच्या भिंतीवरून सोलूनच आणला होता.

"वाचा," ती म्हणाली.

"चष्मा घरी राहिला गं."

"चष्मा तुमच्या डोक्यावर आहे, काका. वाचा."

वाचायची काही गरज नव्हती. त्यात काय लिहिलंय ते मला पाठ होतं. खालच्या जंगलाची गणती पार पडली. अडतीस पानशेपट्या पाली सापडल्या, अडतीसच्या अडतीस काळतोंडी. गुलाबतोंडी एकही नाही. म्हणून मागच्या अकरा वर्षांच्या, बहुतेक गुलाबतोंडीच दाखवणाऱ्या याद्या खोट्या असाव्यात असं दिसतं, आणि त्या याद्या करणाऱ्या बाईचं नाव पाली ओळखणाऱ्यांच्या यादीतून काढून टाकायचं की कसं, ते बघायला गुरुवारी शहरातल्या संस्थेकडून मादाम ओर्तांस येतील. खाली समितीतल्या सहा जणांच्या सह्या. पहिली फुल्जांसची, शेवटच्या अक्षराला ऐटीत शेपूट काढलेली.

"पाचवी सही कुणाची आहे?" तिनं विचारलं.

"कुणा ज्युस्तेंची दिसते."

"गावात ज्युस्तें किती?"

"सध्या एकच आहे," मी म्हणालो आणि कॉफीत बघत राहिलो.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की कॉफी निवली असावी. मग बाकावरच्या दोघांना उठवून मधोमध बसली. तापातून उठून तिला चारच दिवस झाले होते. डोळे खोल गेले होते, गळ्याची हाडं वर आली होती, पण आवाजाला तापानं हात लावलेला नव्हता.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "अकरा वर्षांत एक खूण चुकीच्या रकान्यात केली असेल तर माझे हात झडोत. आणि मी आठ दिवस चटईवर पडते काय, तुम्ही सहा जण माझ्या झाडांवर जाऊन मला खोटी पाडून येता काय."

इथं मला थोडं सांगायला हवं, कारण तुमच्याकडे भिंतीवरची पाल म्हणजे पाल, तिच्यात ओळखायचं काय असतं असं तुम्हाला वाटेल. आमची पानशेपटी वीतभर लांब, भाकरीसारखी चपटी, आणि दिवसभर झाडाच्या खोडावर डोकं खाली करून झोपलेली. अंगाच्या कडेला झालर असते. ती झालर सालीवर पसरली की सावलीसुद्धा पडत नाही. तुम्ही तिच्यावर हात टेकून लघवीला उभे राहाल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. फुल्जांसच्या बाबतीत असं घडलेलं आहे, पण ते पुन्हा कधी सांगेन.

तर या पानशेपट्या दोन जातींच्या. एक वरच्या कड्यावरची, एक खालच्या ओढ्याकाठची. बाहेरून दोघी अशा सारख्या की त्यांच्या आयाही फसतील. कुणी म्हणतं शेपटीवरून कळतं, कुणी म्हणतं डोळ्यांतल्या रेघांवरून. सुआझारा म्हणते, सगळं थोतांड. एकाच झाडावर एक शेवाळासारखी, एक बुरशीसारखी आणि एक वाळल्या सालीसारखी बसते, आणि तिघी सख्ख्या बहिणी असतात. फरक आहे तो तोंडाच्या आत. कड्यावरच्या जातीचं तोंड आतून भाताच्या हंडीच्या बुडासारखं काळं, ओढ्याकाठच्या जातीचं पेरूच्या गरासारखं गुलाबी. आणि ते तोंड ती तुम्हाला फक्त रागावली की दाखवते.

परदेशातून येणारे शिकाऊ लोक काडीनं जबडा उघडत. सुआझारानं एकाच्या हातावर चापट मारून काडी उडवली होती. तिची रीत वेगळी. ती खोडाशी तोंड नेते, पालीच्या शेपटीपासून चार बोटांवर सालीवर नखानं टकटक करते आणि हलक्या आवाजात तिला शिव्या देते. तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं का, दिवसाढवळ्या लोळतेस, कामं पडलीत, असलं काहीतरी. पाल आधी एक पाय हलवते. मग शेपटी वर जाते, मान वळते, आणि मग भलंमोठं तोंड वासून अशी किंचाळते की नवखा माणूस मागे पडतो. तेवढ्यात सुआझारानं रंग पाहिलेला असतो. गावात लोक म्हणतात की पालीला समोर आपल्यापेक्षा तापट कोणी दिसत नाही म्हणून ती चिडते. मीच म्हणालो होतो ते पहिल्यांदा.

शोधायचीही तिची युक्ती आहे. पाऊस थांबला की ती जंगलात शिरते. ओल्या खोडावर साल काळीभोर दिसते, पण पालीची पाठ आधी वाळते. ओल्या शेवाळात वीतभर कोरडं शेवाळ दिसलं की ती थांबते. हे तिनं मला दहा वेळा दाखवलं. मला दहाही वेळा शेवाळच दिसलं.

आता आमची गोष्ट. आमच्या गावात पानशेपटीच्या उघड्या तोंडात बघायचं नाही. फादी आहे, वाडवडलांनी घालून दिलेलं बंधन. बघणाऱ्याची उरलेली वर्षं त्या तोंडात जातात. शेजारच्या गावात असं काही नाही, तिथं ते ईल मासा खात नाहीत, आम्ही खातो. ज्याचं त्याचं. पण आमच्यात पाल तोंड वासायला लागली की लहान मूलसुद्धा मान फिरवतं, शिंक यावी इतकं आपोआप.

म्हणजे तुमच्या लक्षात आलं असेलच. गणतीला आम्ही सहा जण गेलो. फुल्जांस पुढे, हातात काठी. कागद माझ्या हातात. सुआझाराच्या मागे हिंडून हिंडून तिची शंभरेक झाडं आम्हाला माहीत झाली होती, त्यामुळे सालीवर काठीनं ठोकत गेलं की पाल सापडायची. पाल किंचाळायची. सहा माना सहा दिशांना. "काळं ना?" फुल्जांस विचारायचा. "काळंच," आम्ही म्हणायचो. अहो, उघडं तोंड म्हणजे अंधार, अंधार म्हणजे काळा, त्यात बघायचंय काय. तीन दिवसांत अडतीस खुणा झाल्या, एकाही खुणेवर भांडण झालं नाही. असं एकमत आमच्या समितीत त्याआधी कधी झालं नव्हतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"तुम्ही पाहिलंत?" सुआझारानं मला विचारलं.

"मी कागद धरला होता."

"पाहिलंत का?"

"गं, तूच सांग, माझ्या वयात किती वर्षं उरलीत? त्यातली आणखी कशाला..."

ती उठली. कागदाची घडी करून तिनं ती छातीशी खोचली आणि फुल्जांसच्या घराकडे निघाली. मी चुलीवर पाणी ओतलं आणि मागोमाग गेलो. टपरी काय, रोजची आहे.

फुल्जांस म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा, पेर्लीनचा नवरा. घरात जेवणं चालली होती. भाताचा डोंगर, कसावाच्या पानांची भाजी, प्यायला करपल्या भाताचं गरम पाणी. सुआझारा दारातच उभी राहिली.

"ये ताई, जेव," पेर्लीन म्हणाली.

"तुझ्या नवऱ्यानं मला पोटभर वाढलंय. जावईबापू, बाहेर या."

फुल्जांस घास तोंडात ठेवून म्हणाला, "ताई, ताप उतरला वाटतं."

"उतरला नाही, जागा बदललीय त्यानं. काळं कुठं पाहिलंस?"

"झाडावर."

"तोंडात कुठं पाहिलंस? टाळूला, जिभेच्या मुळाशी, की गालाच्या आत?"

फुल्जांसनं घास गिळला. "सगळीकडंच काळं होतं."

"ओढ्यावरच्या मोठ्या झाडावर एक आहे, डाव्या पायाचं एक बोट नाही तिला. चार वर्षं ओळखते मी तिला. तिचंही काळं?"

"काळं."

"फुल्जांस, ती माझ्या तोंडावर ओरडते तेव्हा तिच्या घशापर्यंत गुलाबी दिसतं मला. तू मान फिरवलीस."

"मी समितीचा प्रमुख आहे," तो म्हणाला. आमच्याकडे माणसाजवळ उत्तर नसलं की तो आपला हुद्दा सांगतो. "सहा माणसांनी सह्या केल्यात. तू एकटी. सहा आणि एक यात शहरातल्या बाईला कोण मोठं वाटेल ते गुरुवारी बघू."

पेर्लीन मध्ये पडली. "ताई, सोड ना. एक यादी तर आहे. नाव राहिलं काय, गेलं काय, भाताला तर तांदूळ लागतात, नाव लागत नाही."

हे तिनं बोलायला नको होतं. सुआझारा तिच्याकडे वळली, आणि तिचा आवाज खाली आला. तिला ओळखणाऱ्या माणसाला घाबरवायचं असेल तर ती आवाज खाली आणते.

"माझा बैल कुणी खाल्ला, पेर्लीन?"

पेर्लीननं मान खाली घातली. आम्ही सगळ्यांनीच घातली, दारात उभ्या राहिलेल्या दोन कोंबड्या सोडून.

तो बैल असा. सुआझारा आमच्या गावात नदीच्या वरच्या अंगाकडून लग्न होऊन आली. तिचा नवरा वारला तेव्हा मागे एक खोली, थोडी भातखाचरं आणि पांढऱ्या कपाळाचा एक बैल राहिला. पुढं एक परदेशी पोरगी पाली शोधायला आली, सुआझारा तिच्यासाठी रांधायला लागली, तिच्यासोबत जंगलात जायला लागली, आणि एक दिवस पालीच्या तोंडात बघून बसली. कुणी पाहिलं नव्हतं. गप्प राहती तर कुणाला कळलंही नसतं. पण ही बाई स्वतःच लालकाठी आजोबांकडे गेली. लालकाठी म्हणजे आमच्या गावचे सगळ्यांत वडील, वाडवडलांशी बोलायचा अधिकार त्यांचा. त्यांच्यापुढं जाऊन म्हणाली, मी पाहिलं, आणि मला पुढंही पाहायचंय, काय द्यायचं ते सांगा. आजोबा म्हणाले, बैल. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी तो बांधून आणला. मध आणि रम ओतून वाडवडलांना सांगितलं गेलं की या बाईचे डोळे आजपासून मोकळे. मग बैल कापला आणि साऱ्या गावानं खाल्ला. वशिंडाचा तुकडा मला मिळाला होता. उत्तम होता, खोटं कशाला बोलू.

"मी बघण्यासाठी नवऱ्याचा शेवटचा बैल दिला," सुआझारा म्हणाली. "तो खाऊन तुम्ही ढेकर दिलीत. आणि आता न बघता लिहिता, की मी बघितलेलं खोटं." एवढं बोलून ती निघून गेली. फुल्जांसचा भात तसाच राहिला. मला मात्र पेर्लीननं जेवण झालं का विचारलं, आणि नव्हतंच झालं.

बुधवारी सबंध दिवस गावात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. सुआझारा दारात बसून जुन्या याद्यांची पानं उन्हात वाळवत होती. जाईल त्याला पान दाखवून विचारायची, "ही खूण बघ. ही कुणी केली? झोपेत केली का मी?" तिसऱ्या माणसानंतर लोक खाचरातून वळसा घालून जायला लागले. दुपारी मी गेलो.

"सुआझारा, तू आजोबांना सांग, म्हणजे मिटेल."

"मी कशाला सांगू? बैल मी दिला, ताप मला आला, आणि भीक पण मीच मागू?"

"भीक नाही गं, नुसतं बोलायचं."

"तुमच्या हाती कागद होता ना, काका? त्यावर माझ्याविरुद्ध खूण होताना तुम्ही बोललात?"

मी परत आलो. टपरीवर येऊन वाकडी गाळणी घासत बसलो.

गुरुवारी मादाम ओर्तांस आल्या. महामार्गावर टॅक्सीतून उतरल्या, गुडघ्यापर्यंत बूट, पाठीवर पिशवी, हातात कागद अडकवायचा टाचणफळा. वय चाळिशीच्या आत. बोलणं किनाऱ्याकडचं, आमच्यासारखंच, फक्त इस्त्री केलेलं. मी पुढं केलेली कॉफी त्यांनी उभ्यानंच घेतली आणि म्हणाल्या, "भांडण ऐकायला मी आले नाही. मला पाल दाखवा. मी स्वतः बघते आणि लिहिते."

"हे बरं झालं," सुआझारा म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदाच ती कुणाच्या बोलण्याला हो म्हणाली होती.

भाताच्या बांधाला लागूनच खालचं जंगल सुरू होतं. सगळं गाव निघालं. लालकाठी आजोबाही काठी टेकत आले आणि बांधावर एका ओंडक्यावर बसले. पाऊस नुकताच थांबला होता. सुआझारा दुसऱ्याच झाडापाशी थांबली, खालून तिरपं बघितलं आणि म्हणाली, "ही." मला शेवाळ दिसलं. मादामनाही शेवाळच दिसलं असावं, पण त्यांनी मान डोलावली आणि पेन उघडून पुढे झाल्या.

सुआझारानं खोडावर टकटक केली. "ऊठ, भवाने," ती पुटपुटली. "तुझ्यामुळं माझं नाव मातीत चाललंय आणि तू झोपा काढतेस. शहरातून बाई आलीय तुझं थोबाड बघायला."

शेवाळाला पाय फुटला. शेपटी उभी राहिली. आम्ही सवयीनं सहाही जणांनी माना फिरवल्या, आणि फिरवता फिरवता मला जे दिसलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पाल किंचाळली, आणि मादाम ओर्तांसची मानसुद्धा फिरली. बूट जागच्या जागी, पेन कागदावर, आणि मान थेट आमच्याकडे. आमची सगळ्यांची नजरानजर झाली.

पालीनं तोंड मिटलं.

"काय रंग होता?" सुआझारानं विचारलं.

मादामनी घसा साफ केला. "फार पटकन झालं. काळपट वाटला."

मी सुआझाराला पुष्कळदा रागावलेली पाहिली आहे, कित्येकदा त्याला कारणही मीच असतो. पण त्या क्षणी ती काही फेकायला शोधत नव्हती. दोन्ही हात तिनं स्वतःच्या काखेत दाबून धरले.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या डोक्यामागं डोळे आहेत का? माझ्या गावच्या लोकांना मी समजू शकते, ते मुळात बिनकण्याचे आहेत. पण तुम्ही पगार घेऊन, बूट घालून मान फिरवायला आलात? एवढ्यासाठी शहरातून यायला लागतं? मान फिरवणारी माणसं इथं फुकट मिळतात."

"नीट बोला," मादाम म्हणाल्या.

"नीट बघा, मग मी नीट बोलते."

फुल्जांसला तेवढंच हवं होतं. तो पुढे झाला. "मादाम, बघितलंत ना, हिच्याशी असंच असतं. सहा जणांनी लिहिलंय, तुम्हालाही काळपट वाटलं. सही करा आणि चला, पेर्लीननं कोंबडी कापलीय."

सुआझारा फुल्जांसकडे वळली नाही. ती सरळ बांधाकडे गेली आणि आजोबांपुढं उकिडवी बसली.

"आजोबा, एकच विचारायचंय. आपल्यातल्या कुणी त्या तोंडात बघितलं तर काय द्यायचं?"

"तुला माहीत आहे," आजोबा म्हणाले. "बैल."

"फुल्जांस म्हणतो, त्यानं अडतीस वेळा बघितलं. रंग ओळखला. सही केली."

आजोबांनी डोळे बारीक केले. "अडतीस वेळा? फुल्जांस, पोरा, इकडं ये. तू बघितलंस?"

 फुल्जांसचे दोन बैल आहेत. सुगीनंतर त्यांतला एक देऊन थोरल्या मुलीचं लग्न करायचं ठरलंय, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याच्या कपाळावरून घाम निघाला, भुवईपर्यंत आला, तिथं थोडा थांबला.

"म्हणजे, तसं निरखून असं नाही," तो म्हणाला.

"बघितलंस की नाही?"

"नाही, आजोबा."

"मग काळं कुठून आणलंस?"

फुल्जांसनं माझ्याकडे बोट केलं. "कागद ज्युस्तेंकाकांकडं होता."

आयुष्यभर मी लोकांची उणीदुणी सांगत आलो, पण इतकी भेकड पळवाट मलाही सुचली नसती. आजोबांनी मान माझ्याकडे वळवली. माझ्याकडे बैल नाही. एक टपरी आहे आणि एक वाकडी गाळणी. "मीही बघितलं नाही," मी म्हणालो. मग उरलेले चौघे, एकामागून एक, रांगेत उभं राहिल्यासारखे. बघितलं नाही. बघितलं नाही. शेवटच्यानं तर विचारायच्या आधीच सांगितलं.

"झालं?" सुआझारा उठत म्हणाली. रडत नव्हती, पण आवाज चिरला होता. "बैल वाचवायला तोंडं लगेच उघडली. माझं नाव वाचवायला एकाचंही उघडलं नाही. मंगळवारपासून मी दारोदार विचारतेय, पाहिलंत का, पाहिलंत का. काकांनी तर चष्मा डोक्यावर ठेवून मला सांगितलं चष्मा नाही. लाज वाटते मला तुमच्यात राहायची."

मी डोक्यावरचा चष्मा काढून खिशात घातला. 

मादाम ओर्तांसनी टाचणफळ्यावरचा कागद काढला, सहा सह्यांचाच होता, आणि त्यावर आडवी रेघ मारली. मग आजोबांकडे गेल्या. "आजोबा, माझी आजी तिकडं किनाऱ्यावर हेच सांगायची. मी बारा वर्षं या संस्थेत आहे. कागदावर रंग लिहिते, फोटोत बघते, जिवंत कधी बघितला नाही. तुमचं बंधन मला लागतं का?"

"तू आमच्या गावची नाहीस," आजोबा म्हणाले. "आमचं तुला लागत नाही. तुझ्या आजीचं काय, ते तुझं तू बघ."

 त्या झाडापाशी गेल्या आणि उजव्या हातानं स्वतःची हनुवटी घट्ट धरली, जणू दाढ दुखतेय. "चिडवा तिला," त्या सुआझाराला म्हणाल्या.

"ती आता दमलीय. पुढच्या झाडावर चला," सुआझारा म्हणाली. माणसांवर तोंड सोडताना पालीची मात्र दया येणारी बाई आहे ही.

पुढच्या झाडावर टकटक झाली. शिव्या झाल्या. किंकाळी झाली. मी अर्थातच ओढ्याकडे बघत होतो, त्यामुळे मादामच्या तोंडावर काय झालं ते सांगू शकत नाही. पण आवाज ऐकला. त्या म्हणाल्या, "गुलाबी. अगदी आतपर्यंत." आणि बराच वेळ हनुवटी सोडायला विसरल्या.

"मग माझं नाव?" सुआझारानं विचारलं.

"राहील. पण गणती पुन्हा करायला हवी, सगळी. ही यादी मी नेऊ शकत नाही."

"करते ना. हे सहा जण माझ्यासोबत येतील."

"ताई, आम्ही कशाला," फुल्जांस म्हणाला, "आम्ही तर बघू शकत नाही."

"बघायला नाही सांगत. लिहायला सांगते. एवढं तरी येतं ना?"

शुक्रवार, शनिवार आणि सोमवार असे तीन दिवस आम्ही तिच्यामागून हिंडलो. एकानं पाण्याची बाटली धरायची, एकानं पिशवी, एकानं जळवा काढायच्या, बाकीच्यांनी कागद. झाडापाशी गेलं की ती म्हणायची, "फिरा." आम्ही सहा जण झाडाकडे पाठ करून उभे. मागे टकटक, मग शिव्या, आणि त्या शिव्या पालीला किती आणि आम्हाला किती याचा हिशेब लागत नसे. मग किंकाळी. "गुलाबी," ती ओरडायची, आणि फुल्जांस गुलाबीच्या रकान्यात खूण करायचा. आमच्यातली चुलता-पुतण्याची एक जोडी शेजारी उभी राहून जरा हसली, तर तिनं त्यांना ओढ्यापलीकडं उभं केलं.

तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या वरच्या वळणावर ती लागोपाठ तीनदा म्हणाली, "काळी." फुल्जांसचं पेन थांबलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

"ताई, काळी लिहू?" तो म्हणाला. "मादाम म्हणतील, मग यांचंही थोडं खरंच होतं."

"काळी दिसली तर काळी लिही. मी काय तुझ्यावर सूड म्हणून रंग ठरवतेय का?"

लिहिलं. शेवटचं झाड उरलं तेव्हा उतरतं ऊन होतं. भूक लागली होती, जळवांनी पाय सोलले होते. त्या झाडावरची पाल काही केल्या तोंड उघडेना. सुआझारानं टकटक केली, शिव्या दिल्या, सासूच्या तोंडच्या शिव्या दिल्या, नदीवरच्या माहेरच्या भाषेत दिल्या. पाल एक पाय हलवायची आणि पुन्हा झोपायची. पाठ करून उभे राहून आमच्या पोटऱ्या भरून आल्या.

"ताई," फुल्जांस म्हणाला, चांगुलपणानंच म्हणाला बिचारा, "या झाडावरच्या सगळ्या गुलाबीच असतात. तुझ्या जुन्या यादीतही आहे. लिहून टाकू का गुलाबी? या खेपेच्या छत्तीसच्या छत्तीस खुणा पूर्ण होतील."

मागे टकटक थांबली. मला वाटलं, आता पिशवी येणार डोक्यात.

"दिसली?" सुआझारा म्हणाली.

"नाही, पण..."

"मला दिसली का? नाही. मग कशी लिहिणार तू? फुल्जांस, तीन दिवस माझ्यामागं हिंडून तू एवढंच शिकलास?"

"मग काय लिहू?"

"रंगाच्या रकान्यात काही लिहू नकोस. पुढं लिही, तोंड उघडलं नाही. आणि खाली माझं नाव घाल, मोठ्या अक्षरात."

फुल्जांसनं लिहिलं. शेपूट न काढता.